भाडं, मक्ता आणि पेन्शनच्या जोरावर परदेशात राहायला जाताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

तालुक्याच्या ठिकाणी बसून मी लोकांचे रिटर्न भरतो. दोन-तीन वर्षांपासून एक नवाच प्रश्न टेबलावर येतो आहे. मागच्या हंगामात एक निवृत्त मुख्याध्यापक आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "तिकडं टॅक्स नाही म्हणतेत ना बाप्पा. मंग गेल्यावर मी इथलं रिटर्न बंदच करू ना?" पोरगं बाहेर, दोघंच घरी, मे महिन्यात पारा ४५ च्या वर. स्वस्त देशात जाऊन राहावं असं वाटण्यात वावगं काहीच नाही. पण व्हिडिओ पाहून माणसं उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी देश ठरवतात, मग शेत विकतात, मग व्हिसाच्या अटी वाचतात आणि कराचं सगळ्यात शेवटी विचारतात. क्रम याच्या बरोबर उलटा हवा. तोच खाली दिला आहे. एकेक टप्पा संपल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

## १. आधी दोन याद्या करा: येणारा पैसा आणि दिसणारा पैसा

एका कागदावर बसल्या जागी येणारं सगळं उत्पन्न लिहा: पेन्शन, दुकानाचं भाडं, एफडीचं व्याज, शेताचा मक्ता (शेत दुसऱ्याला कसायला देऊन मिळणारी ठरलेली रक्कम), संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला उभा विकून येणारी रक्कम, म्युच्युअल फंडातून दर महिन्याला काढता ती रक्कम. दुसऱ्या कागदावर यातलं बँकेच्या पासबुकात दर महिन्याला दिसतं तेवढंच लिहा.

दुसरी यादी पहिलीच्या निम्मीच निघते. आपल्याकडे मक्ता ठरतो तोंडी, मिळतो रोख आणि तोही वर्षातून एकदा-दोनदा. पाडव्याला अर्धे, माल निघाल्यावर अर्धे. दुकानदार भाडं देतो, पण तीन महिन्यांचं एकदम आणि तेही हातात. व्हिसा देणारा अधिकारी पाहतो बँकेचं सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं स्टेटमेंट. त्याला दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जमा झालेली रक्कम लागते. एकदाच भरलेले दोन लाख रोख पाहून त्याला खात्री पटत नाही, उलट शंका येते.

म्हणून निघायच्या किमान वर्षभर आधी भाडं आणि मक्ता बँकेतून घ्यायला लागा. भाडेकरार करा. मक्त्याचीही दर वर्षी नवी चिठ्ठी करा, त्यात वर्ष, गट नंबर आणि रक्कम लिहा. ही चिठ्ठी पुढे सहाव्या टप्प्यातही लागेल.

तपासा: गेल्या १२ महिन्यांच्या स्टेटमेंटवर जमा झालेल्या रकमांपुढे पेन्सिलने खुणा करा. खूण नसलेला एक जरी महिना सापडला, तरी वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजा.

## २. कर इथेच मोजा, तिकडचा नंतर

जास्तीत जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

भारतात निर्माण होणाऱ्या उत्पन्नावर भारतात कर लागतो. तुम्ही हिंगणघाटला राहा नाहीतर दुबईला, तुमच्या दुकानाचं भाडं भारतातलंच, एफडीचं व्याजही भारतातलंच. सरकारी पेन्शनवर भारताने इतर देशांशी केलेल्या बहुतेक कर-करारांत कर लावायचा हक्क भारताकडेच ठेवलेला असतो. ज्या देशात आयकर नाही तिथे गेल्याने इथला कर माफ होत नाही.

पुढची गोष्ट ऐकून लोक चिडतात. आज तुम्ही इथे राहता आणि नव्या कर-पद्धतीत तुमचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर रिबेट (करसूट) मिळून आयकर शून्य होतो. हा रिबेट फक्त निवासी माणसाला आहे (निवासी कोण, ते सातव्या टप्प्यात). एनआरआय (अनिवासी भारतीय) झालात की तो गेला, आणि ४ लाखांच्या वरच्या पहिल्या रुपयापासून कर सुरू. करपात्र उत्पन्न पूर्ण १२ लाख असेल, तर सेस (करावरचा उपकर) धरून ६२,४०० रुपये भरावे लागतात. कर वाचवायला परदेशी जायचं आणि आज लागत नसलेला कर ओढवून घ्यायचा, असा हा प्रकार होतो.

मुख्याध्यापकांचा हिशेब त्यांच्यासमोरच केला. शेत आधीच मुलाच्या नावावर गेलेलं, ते सोडून देऊ.

पेन्शन महिना ४५,००० म्हणजे वर्षाला ५,४०,०००. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, राहिले ४,६५,०००. दोन दुकानांचं भाडं २,४०,०००, त्यातून ३० टक्के वजावट गेली, राहिले १,६८,०००. एफडीचं व्याज १,२०,०००. बेरीज ७,५३,०००. निवासी असताना कर शून्य. एनआरआय झाल्यावर सेससकट १८,३५६ रुपये.

१८ हजारांनी कोणी बुडत नाही. खरा त्रास टीडीएसचा, म्हणजे पैसे हाती येण्याआधीच कापल्या जाणाऱ्या कराचा. एनआरआयच्या भाड्यावर आणि एनआरओ खात्याच्या (एनआरआयची भारतातली कमाई जमा होते ते खातं) व्याजावर सेस धरून ३१.२ टक्के कापले जातात, आणि भाड्याची कपात वजावट न धरता पूर्ण रकमेवर होते. म्हणजे भाड्यातून ७४,८८०, व्याजातून ३७,४४० आणि थोडंसं पेन्शनमधून, मिळून १,१५,७०० वर्षभर अडकणार. रिटर्न भरल्यावर त्यातले सुमारे ९७,००० परत येतील, पण ते पुढच्या वर्षी. महिन्याच्या खर्चाला ते आज लागणार आहेत.

गुरुजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे रिटर्न बंद होत नाही, अजून पक्कं होतं." अगदी तसंच.

मग कमी कराच्या देशाचा फायदा होतो कोणाला? ज्यांचं उत्पन्न भारताबाहेर निर्माण होतं त्यांना. दुसरा एक रस्ता एनआरई (एनआरआयचं पैसा मोकळेपणाने परदेशी नेता येणारं खातं) ठेवीचा आहे. एनआरआय झाल्यावर एनआरओ खात्यातला कर भरलेला पैसा एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरच्या मर्यादेत एनआरई खात्यात वळवता येतो. एनआरईच्या मुदत ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं. तुम्ही राहता तो देशही बाहेरच्या उत्पन्नावर कर लावत नसेल, तर त्या व्याजावर खरोखर कुठेच कर लागत नाही. ठेव किमान एक वर्षाची लागते. हातात मोठी पुंजी असलेल्याने याचा हिशेब जरूर करावा.

शेतीचं बोलायचं तर भारतातल्या शेतजमिनीचं उत्पन्न, मक्ता धरून, भारतात करमुक्त आहे आणि एनआरआय झाल्यावरही तसंच राहतं. मात्र बाकीच्या उत्पन्नावरचा दर ठरवताना ते मोजलं जातं, आणि परदेशातला कर अधिकारी आपल्या सातबाऱ्याला ओळखत नाही. जगभरच्या उत्पन्नावर कर लावणारा देश निवडलात, तर त्याच्या लेखी मक्ताही साधं उत्पन्नच.

थांबा: भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि जाणार असाल तिथे निवासी म्हणून कर लागत नसेल, तर भारतीय नागरिकाला कायद्याने निवासी मानलं जाऊ शकतं. अशांनी सीएकडे बसल्याशिवाय तिकीट काढू नये. आणखी एक सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. जुन्या व्हिडिओत सांगितलेले कलम नंबर आता जुळत नाहीत. वहीत नियम लिहून ठेवा, कलम नको.

## ३. देश निवडताना आधी दार कोणाला उघडं आहे ते पाहा

'स्वस्त देश' आणि 'तुम्हाला राहू देणारा देश' या दोन वेगळ्या याद्या आहेत. पर्यटक व्हिसावर महिना-दोन महिने काढता येतात, संसार मांडता येत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीला आयकर नाही. ५५ वर्षांवरच्या निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा आहे. त्यासाठी १० लाख दिरहमची मालमत्ता, तेवढीच बचत किंवा महिन्याला २०,००० दिरहम उत्पन्न लागतं, दुबईत १५,०००. दुबईचाच आकडा धरला तरी महिन्याला साडेतीन लाखांच्या वर. कर नाही हे खरं, पण याला स्वस्त कोणी म्हणणार नाही. शिवाय चंद्रपूरच्या उन्हातून पळून दुबईच्या उन्हात जाण्यात काय हशील?

थायलंड ५० वर्षांवरच्यांना घेतं. बँकेत ८ लाख बात ठेवा किंवा महिन्याला ६५,००० बातचं उत्पन्न दाखवा. ते आजच्या भावाने पावणेदोन ते दोन लाख रुपये होतात. इथे एक जुनी माहिती अजून फिरते आहे की बाहेरून आणलेल्या पैशावर थायलंड कर घेत नाही. १ जानेवारी २०२४ पासून नियम बदलला. वर्षात १८० दिवस तिथे राहिलात आणि बाहेर कमावलेलं उत्पन्न आत आणलंत, तर ते कराच्या कक्षेत येतं. मग भारताशी असलेला करार उघडून दोन्हीकडे कर लागू नये याची तजवीज करावी लागते.

मलेशियाच्या दीर्घ मुक्कामाच्या योजनेत २०२४ पासून तीन मुख्य पायऱ्या आहेत, खास आर्थिक क्षेत्रातली पायरी वेगळी. या तिनांतल्या सगळ्यात खालच्या पायरीलाही १,५०,००० डॉलरची मुदत ठेव लागते आणि वर घरही विकत घ्यावं लागतं. डॉलर ९० रुपये धरला तर नुसती ठेवच १ कोटी ३५ लाखांची.

फिलिपिन्समध्ये निवृत्तांसाठी ठेवीवर मिळणारा खास रहिवासी व्हिसा आहे, आणि परदेशी नागरिकाला फक्त तिथेच कमावलेल्या उत्पन्नावर कर लागतो. जॉर्जियात बाहेरच्या उत्पन्नावर व्यक्तीला कर नाही. राहणंही परवडतं, पण हिवाळा बर्फाचा असतो. आपल्या भागात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. थंडीने त्याचा त्रास उसळतो. घरात रुग्ण असेल तर बर्फाचा देश यादीतून आत्ताच खोडा. मॉरिशसमध्ये ५० वर्षांवरच्या निवृत्तांसाठी परवाना आहे आणि दर महिन्याला ठरावीक डॉलर तिथे आणावे लागतात. तिथे मराठी मंडळी पिढ्यान्पिढ्या राहतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मन रमण्याच्या दृष्टीने ही काही लहानसहान गोष्ट नाही.

ठेवींचे आणि उत्पन्नाचे आकडे हे देश सारखे बदलत असतात. अर्ज भरायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून ते पुन्हा पाहा. एजंटच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

रुपयाचाही हिशेब ठेवा. २०१० साली डॉलर साधारण ४५ रुपयांना होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या पार गेला. तुमचं भाडं रुपयात येणार आणि किराणा परक्या चलनात जाणार. आजच्या भावाने जेमतेम बसणारा हिशेब पाच वर्षांनी बसत नाही. मी लोकांना साधा नियम सांगतो: तिकडचा अंदाजी खर्च रुपयात काढा, त्याला सव्वाने गुणा, आणि तरीही दुसऱ्या यादीतल्या पैशात भागत असेल तरच पुढे जा.

## ४. दोन महिने राहून पाहा, आणि तेही चुकीच्या ऋतूत

पर्यटक म्हणून जा, भाड्याच्या खोलीत राहा, हॉटेलात नको. तिथला सगळ्यात वाईट हवामानाचा काळ निवडा. जॉर्जियाला जायचं तर जानेवारीत, थायलंडला एप्रिलमध्ये.

या दोन महिन्यांत शोधायच्या गोष्टी घरगुती आहेत. बीपी-शुगरची तुमची गोळी कोणत्या नावाने मिळते? डॉक्टरशी कोणत्या भाषेत बोलायचं? ज्वारीचं पीठ मिळतं का, की दोन महिने नुसत्या मैद्यावर काढायचे? तुमच्या वयाला तिथला आरोग्य विमा मिळतो का आणि आधीपासूनचे आजार त्यात किती वर्षांनी धरले जातात? याची उत्तरं गावात बसून मिळत नाहीत.

थांबा: औषधांची पिशवी निघायच्या आधी तपासा. ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन जॉर्जियात आणि अमिरातीत कडक नियंत्रणात आहे. आपल्याकडे गुडघेदुखीवर ट्रामाडॉल सर्रास लिहून देतात. डॉक्टरची चिठ्ठी आणि लागेल तिथे आगाऊ परवानगी नसेल, तर विमानतळावर अटकेपर्यंत वेळ येऊ शकते.

दोघांपैकी एकाला जरी करमलं नाही, तरी इथेच थांबा. दोन तिकिटांचा खर्च अंगावर पडेल, पण शेत शाबूत राहील.

## ५. कागद: जुने आधी, शिळे होणारे शेवटी

कागदांचे दोन प्रकार करा. जन्माचा दाखला आणि लग्नाचा दाखला एकदा निघाले की टिकतात. पोलीस पडताळणीचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि बँकेचं स्टेटमेंट काही महिन्यांत शिळं होतं. लोक नेमका पोलीस दाखला आधी काढतात, मग जन्माच्या दाखल्यासाठी आठ महिने फिरतात आणि तोवर पहिला बाद झालेला असतो.

जन्माचा दाखला. साठीच्या पुढच्या बहुतेकांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली असते, १ जून किंवा १ जुलै. पासपोर्टचं त्यावर भागतं, पण काही देशांना जन्माचा दाखलाच लागतो. ग्रामपंचायतीत नोंद नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकलेसाठी अर्ज करा. ती नक्कल पहिल्यांदा हातात आली की माणूस चक्रावतो. त्यात तुमचं नाव नसतंच. बापाचं नाव, गाव, तारीख आणि 'मुलगा झाला', बस. जुनं पान मोडीत असलं तर वाचणारा शोधावा लागतो, आणि त्यावरची तारीख शाळेच्या तारखेशी जुळेलच असं नाही. जुळत नसेल तर पासपोर्टची तारीख धरून उशिराच्या नोंदणीचा आदेश घ्यायचा की शाळेच्या दाखल्यावर भागवायचं, हे त्या देशाच्या दूतावासाला लेखी विचारून ठरवा. दोन तारखांचे दोन कागद एकाच फाईलमध्ये कधीही लावू नका.

लग्नाचा दाखला. बायकोला सोबत न्यायचं तर हा लागतोच. १९८५ च्या लग्नाची नोंद बहुधा झालेली नसते. आता ग्रामसेवकाकडे करून घेता येते. आपल्याकडचा घोळ पुढेच असतो: माहेरी इंदू, सासरी सुनंदा, आधारवर सुनंदाबाई, पासबुकात सुनंदा रा. असा एकाच बाईचा चार नावांचा संसार. पासपोर्टवरचं नाव शेवटचं धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. जुनं नाव जोडायला नावबदलाची राजपत्रात नोंद करून ठेवा.

पासपोर्ट. विदर्भाचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. अर्ज ऑनलाइन करून जवळच्या पोस्टातल्या सेवा केंद्राची वेळ मिळते का ते पाहा, नागपूरची खेप वाचते. निघायच्या तारखेला किमान दोन वर्षांची मुदत शिल्लक असू द्या.

अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून घ्यायचा शिक्का. आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. जॉर्जिया, फिलिपिन्स, मॉरिशस हे हेग करारातले देश असल्याने तिथे अपोस्टिल चालतं. अमिराती त्या करारात नाही, तिच्यासाठी मंत्रालयानंतर दूतावासाचाही शिक्का लागतो. देश ठरण्याआधी शिक्के मारून घेऊ नका, पैसे दोनदा जातात.

तपासा: सगळे कागद टेबलावर मांडा आणि फक्त नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख मोठ्याने वाचा. दुसऱ्याने पासपोर्ट हातात धरून ऐकावं. एका अक्षराचा फरकसुद्धा आत्ताच पकडा.

## ६. शेत आणि दुकान: विकू नका, लिहून द्या

या टप्प्यावरची चूक परत दुरुस्त होत नाही.

एनआरआय झाल्यावर आधीची किंवा वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. उद्या परत आलात आणि पुन्हा निवासी झालात, तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. शेवटचा तुकडाही विकून गेलेला माणूस परतल्यावर शेतकरी राहत नाही. सातबारा कोरा व्हावा म्हणून आपण घोषणा देतो त्या कर्जाच्या. असा कोरा होणं वेगळं. एका संत्रेवाल्याने सगळे सहा एकर विकून तिकीट काढलं, दीड वर्षात परत आला, आणि आज भावाच्या बगीच्यात राखण करतो आहे. पैशाची फारच निकड असेल तर थोडं विका, पण काही गुंठे तरी स्वतःच्या नावावर राहू द्या. आणि पहिलं वर्ष तिकडे काढल्याशिवाय तेही विकू नका.

मक्त्याची चिठ्ठी दर वर्षी नवी, आधी सांगितल्याप्रमाणे. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे, आणि मालक वर्षानुवर्षं बाहेर, शेत एकाच माणसाकडे तोंडी, ही परिस्थिती वादाला आमंत्रण देते. शक्य तर मक्तेदारही बदलत राहा. ई-पीक पाहणीत कोणाच्या नावाने काय नोंद झाली, ते हंगामातून एकदा ऑनलाइन सातबाऱ्यावर पाहा.

पीएम किसानचा हप्ता येत असेल तर एनआरआय त्यात बसत नाही. स्वतःहून बंद करा. पुढे वसुलीची नोटीस गावच्या पत्त्यावर येते आणि ती उघडायला घरी कोणी नसतं.

मुखत्यारपत्र निघायच्या आधीच, इथल्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवून करा. तिकडे गेल्यावर करायचं म्हणजे भारतीय वकिलातीत खेप घालायची आणि ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा. त्यात कामं मोजून लिहा: भाडं घेणं, मक्ता ठरवणं, वीजबिल, तलाठ्याकडे अर्ज. 'सर्व अधिकार' हे शब्द नकोत. विक्री, गहाण आणि बक्षीसपत्र यांचे अधिकार दिलेले नाहीत, असं स्पष्ट लिहून घ्या. सख्खा भाऊ असला तरी. उलट सख्ख्या भावासाठी तर हे जास्तच स्पष्ट लिहा, पुढे दोघांनाही त्याचा आधार होतो.

दुकानदाराला समोर बसवून सांगा की तुम्ही एनआरआय झाल्यापासून भाड्यातून टीडीएस त्याने कापून भरायचा आहे आणि त्यासाठी त्याला टॅन (कर कापून भरणाऱ्याला आयकर खातं देतं तो) नंबर लागेल. पाच हजारांच्या भाड्यासाठी हे करायला बहुतेक दुकानदार तयार होत नाहीत. मग दोनच मार्ग उरतात: कमी टीडीएसचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून काढून त्याचं ओझं हलकं करा, किंवा भाडेकरू बदला. 'पाहू पुढे' म्हणून सोडलं तर दंड दुकानदारावर आणि भांडण तुमच्याशी.

## ७. निघण्याची तारीख आणि बँक

तारीख तिकिटाच्या भावावरून ठरवू नका. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात की त्या वर्षी तुम्ही निवासी. ही अट सगळ्यांना माहीत असते. दुसरी बहुतेकांना माहीत नसते: त्या वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलात, तरीही निवासी. नोकरीसाठी जाणाऱ्याला या ६० दिवसांच्या अटीतून सूट आहे. पेन्शन आणि भाड्यावर जगायला निघालेल्याला जायच्या वर्षी ती सूट नाही. म्हणजे त्याच वर्षी एनआरआय व्हायचं असेल तर १ एप्रिलपासून मोजून ६० दिवस भरायच्या आत, म्हणजे २९ मेपर्यंत निघायला हवं. जूनच्या पेरण्या आटोपून निघालात तर ते वर्ष निवासीचंच. आपल्या गुरुजींसारख्यांना ते फायद्याचंच आहे, रिबेट मिळतो. तिकडे मोठं करमुक्त उत्पन्न असलेल्याला मात्र ते महागात पडेल, कारण निवासी माणसाचं जगभरचं उत्पन्न इथे मोजलं जातं.

पुढच्या वर्षांत भेटीला आलात तर १८२ दिवसांच्या आत राहा, आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवसांच्या. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून तारखांची वही ठेवा.

बँकेचा नियम वेगळ्या कायद्याचा आहे. अनिश्चित काळासाठी राहायला बाहेर पडलात की फेमाखाली (परकीय चलनाच्या कायद्याखाली) तुम्ही तेव्हापासूनच अनिवासी, दिवस मोजायचे नाहीत. म्हणून:

१. साधं बचत खातं एनआरओ करून घ्या. 'चालतंय तोवर चालू दे' म्हणून ठेवलेलं खातं पुढे केवायसीच्या वेळी गोठतं.

२. एनआरई खातं सोबतच उघडा.

३. टीडीएस कापू नका म्हणून बँकेत देतो आणि ज्याला आपण अजून १५-एच म्हणतो तो फॉर्म देणं बंद करा. एनआरआयला तो देता येत नाही.

४. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. नवं पीपीएफ किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं नवं खातं एनआरआयला उघडता येत नाही.

५. म्युच्युअल फंड आणि डिमॅटची केवायसी बदला.

भाडं, पेन्शन, व्याज ही चालू कमाई कर भरून एनआरओमधून बाहेर पाठवता येते. बँक फॉर्म आणि बहुधा सीएचं प्रमाणपत्र मागते. निघायच्या आधीच एकदा शाखेत विचारा की हे काम इथे होतं का. तालुक्याच्या शाखेत अनेकदा उत्तर मिळतं, "त्यासाठी नागपूरला जावं लागेल." मग खातं आत्ताच नागपूरच्या शाखेत हलवा.

थांबा: मोबाईल नंबर. बँकेचा ओटीपी, आधार, रिटर्न, सगळं त्या एका नंबरावर. तीन महिने न वापरलेला प्रीपेड नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. निघायच्या आधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा, गावातल्या कोणाला तरी रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहून द्या, आणि बँकेत ईमेलही नोंदवा.

## ८. पोचल्यावरचं पहिलं वर्ष

तिथल्या निवासाचा परवाना हातात आला की तिथल्या कर खात्याकडून कर-निवासी असल्याचा दाखला मागा. भारताशी करार असलेल्या देशात, कराराचा दर मिळवायला हाच कागद लागतो. तो दर वर्षी नवा लागतो.

वकिलातीत नाव नोंदवा. थायलंडमध्ये दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. प्रत्येक देशाचं असं काहीतरी असतंच, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. चेहरा दाखवून मोबाईलवर होतो, पण तुमच्या कोषागाराला किंवा पंचायत समितीला तो चालतो का ते निघण्याआधीच विचारून ठेवा. चालत नसेल तर वकिलातीतून सही-शिक्क्याचा कागद पोस्टाने पाठवायचा, आणि तो महिन्याच्या सुरुवातीलाच टाकायचा.

रिटर्न जुलैत. रिफंड एनआरओ खात्यात येतो, त्यामुळे ते खातं आधी आयकराच्या पोर्टलवर पडताळून घ्या. गुरुजींनी मला विचारलं होतं, "फीस तीच का वाढवशील?" मी म्हटलं, "काम वाढलं ना गुरुजी." ते अजून गावातच आहेत. दोन महिन्यांच्या मुक्कामाचं तिकीट जानेवारीचं काढलं आहे.